कोण करणार ते लिहा

फोन आला तेव्हा मी गॅलरीतले कपडे आत ओढत होते. जूनचा शेवट, मिरजेत पाऊस लागून राहिलेला. "मॅडम, सांगलीचा जिल्हा बाल संरक्षण अधिकारी निवडायचाय. विषयतज्ज्ञ म्हणून समितीवर याल का? चार दिवसांचं काम आहे." चार दिवसांचं काम दोन महिने चाललं. त्यात बोलावणाऱ्यांचा काही दोष नव्हता. असलाच तर कृष्णेचा होता, ते पुढं येईलच.

मी २६ वर्षं कॉलेजात समाजकार्य शिकवलं. निवृत्तीनंतर मास्तरमंडळी समित्यांवर जातात, तशी मीही दोन-तीन ठिकाणी जाऊन, चहा पिऊन, सह्या करून आले होते. हेही तसंच असेल असं धरून हो म्हणून बसले.

घरात पहिला प्रश्न आमच्या ह्यांचा. "म्हणजे अंगणवाडीचं का?"

नाही. आणि हा घोळ फक्त आमच्या घरातला नाही, अर्ज करणाऱ्यांतही तो होता, म्हणून इथंच सांगून टाकते. अंगणवाड्या, पोषण आहार, सहा वर्षांखालच्या मुलांची वजनं हे सगळं जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडं असतं. तिथं उपमुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्याखाली बालविकास प्रकल्प अधिकारी, मग पर्यवेक्षिका, मग सेविका अशी उतरंड. आम्ही भरणार होतो ती खुर्ची जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूची. घर सुटलेली, घरानंच टाकलेली, कामाला जुंपलेली, वय व्हायच्या आत बोहल्यावर चढवलेली, अत्याचार झालेली मुलं तिच्या वाट्याला येतात. ज्यांच्या हातून गुन्हा घडला तीसुद्धा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष ठेवायला सांगितलंय. पैसा ज्या योजनेतून येतो तिला आधी एकात्मिक बाल संरक्षण योजना म्हणत, आता मिशन वात्सल्य म्हणतात.

या अधिकाऱ्याची गंमत अशी की हुकूम द्यायचा अधिकार त्याच्याकडं जवळपास नाहीच. मूल कुठं ठेवायचं ते बाल कल्याण समिती ठरवते. एक अध्यक्ष, चार सदस्य. गुन्हा नोंदवायचा पोलिसांनी. बालगृहं बरीचशी संस्थांची. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. बाल संगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये कुणाला लागू करायचे, तेही समितीच्याच आदेशानं. मग ह्यानं करायचं काय? या सगळ्यांच्या मधून कागद, गाडी, माणूस आणि मूल वेळेत पुढं सरकवत राहायचं. दहा तालुक्यांत. एका टोकाला शिराळ्याचा पाऊस, दुसऱ्या टोकाला जतचा टँकर. मानधन ४४,०२३ रुपये, नेमणूक कंत्राटी, ११ महिन्यांची. माझा भाऊ म्हणाला, "आमच्या सोसायटीचा वॉचमन यापेक्षा जास्त टिकतो."

*

साठेक अर्ज आले होते. सांगलीत विजयनगरला एका खोलीत दोन दिवस बसून आम्ही तिघांनी ते चाळले. मी, बाल कल्याण समितीचं काम केलेल्या एक वकीलबाई, आणि एक अव्वल कारकून, ज्यांची निवृत्ती वर्षावर आली होती. मी अर्ज वाचत होते. अव्वल कारकून ते हुंगत होते.

एक अनुभव प्रमाणपत्र मी चांगलं म्हणून बाजूला ठेवलं. टाइप स्वच्छ, शिक्का गोल, मजकूर भरघोस. "सदर उमेदवार आमच्या संस्थेत सन २०१४ पासून पूर्णवेळ कार्यरत असून..." त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि लेटरहेडच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून परत माझ्यापुढं धरला. संस्थेचा नोंदणी क्रमांक होता, त्याच्या शेपटाला २०१६. "संस्था जन्मायच्या आधी दोन वर्षं हे कामाला होते," ते म्हणाले आणि लाल पेननं छोटी फुली मारली.

मग मला नादच लागला. तीन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या तीन संस्थांची प्रमाणपत्रं, तिन्हींत 'निस्वार्थि' असंच लिहिलेलं, तोच ऱ्हस्व थि. एका अर्जात नियमित एमएसडब्ल्यू कोल्हापूरला आणि त्याच दोन वर्षांत पूर्णवेळ नोकरी शिराळ्याला. वकीलबाई म्हणाल्या, "हा मुलगा एसटीतच राहत असणार."

उलटही झालं. एक प्रमाणपत्र हातानं लिहिलेलं होतं, साध्या रेघी कागदावर, खाली संस्थेचा शिक्का. त्यात पदाचं नावच नव्हतं. एवढंच होतं की हा मुलगा शिकत असताना आमच्या बालगृहात रात्रपाळीला होता, आणि २०१९ च्या पुरात मुलं वरच्या मजल्यावरून होडीत उतरवली तेव्हा शेवटच्या होडीत तो होता. ज्यांना २०१९ चा ऑगस्ट आठवतो त्यांना हे वाक्य वाचून काय होतं ते वेगळं सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. पण पदनाम नाही म्हणजे अनुभव कशात धरायचा? मी म्हटलं, मानवतेच्या दृष्टीनं... अव्वल कारकून म्हणाले, "मॅडम, मानवतेचा रकाना नाही." त्याचा नंतरचा पाच वर्षांचा अनुभव एका संस्थेतून ऊसतोड टोळ्यांच्या मुलांत होता, त्याचे कागद नीट होते, म्हणून तो त्यावर पात्र ठरला. होडीचे गुण मिळाले नाहीत.

शेवटी १४ पात्र. यादी लागली, हरकती आल्या, दोन-चार ऐकल्या, निकालात निघाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फोन मात्र सांगितले पाहिजेत. यादी लागली त्या संध्याकाळपासून माझ्या फोनला वेगळंच चैतन्य आलं. नात्यातली एक पुतणी, जिचा दिवाळीलाही फोन नसतो, तिनं चौकशी केली माझ्या गुडघ्यांची. मग हळूच, "काकू, आपलाच मुलगा आहे. तुमच्या हातात आहे म्हणं." मी म्हटलं, माझ्या हातात मुलाखतीचे वीस गुण आहेत आणि ते देणारे आम्ही चौघं आहोत, त्याला वेळेवर यायला सांग. ती रागावली असणार. तो मुलगा वेळेवर आला, आणि त्याची मुलाखत खरंच बरी झाली. म्हणजे त्या फोननं त्याचं नुकसानच होता होता राहिलं. कारण मी त्याला एक गुण कमी द्यायच्या बेतात होते, फक्त माझा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून.

*

मी एकच हट्ट धरला होता. नुसत्या मुलाखतीवर हे पद भरायचं नाही. बोलण्याची परीक्षा बोलणारे पास होतात. एक लेखी प्रश्न ठेवा, सगळ्यांना तोच, ४० मिनिटं, उत्तरपत्रिकेवर नाव नको, नुसता सांकेतिक क्रमांक. आमच्या निवड समितीचे अध्यक्ष महसुलातले अधिकारी होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "प्रश्न तुम्ही काढा. बंद पाकिटात द्या. तपासायलाही तुम्हीच." गुणांची वाटणी अशी ठरली: पन्नास शिक्षण-अनुभवाचे, तीस लेखीचे, वीस मुलाखतीचे.

प्रश्न मी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून काढला. तो असा होता:

"जानेवारीतला बुधवार, रात्री ९.४०. मिरज जंक्शन. रेल्वे पोलिसांना फलाटावर सुमारे १४ वर्षांची मुलगी आणि सुमारे ६ वर्षांचा मुलगा सापडले आहेत. दोघं कन्नड बोलतात, मराठी तुटक येतं. मुलगी म्हणते, हा माझा भाऊ. तिच्या गळ्यात ओढणीखाली मंगळसूत्र आहे. पोलिसांचा तुम्हाला फोन आला आहे. पुढच्या तीन तासांत काय होईल ते दीड पानात लिहा."

मिरज म्हणजे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांचा फाटा. पळून आलेलं, चुकलेलं, सोडून दिलेलं मूल कुठल्या ना कुठल्या गाडीतून इथं उतरतंच. त्यामुळं प्रश्न काही आकाशातून पडलेला नव्हता. खाचा मात्र मी मुद्दाम ठेवल्या होत्या. मूल बाल कल्याण समितीपुढं २४ तासांत न्यावं लागतं. रात्री समिती बसलेली नसते, पण तेव्हा एका सदस्यापुढंही नेता येतं, हे कायद्यातच आहे. मुलांना पोलीस ठाण्यात झोपवायचं नाही. मंगळसूत्र म्हणजे बालविवाह, कदाचित पॉक्सोही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. मग त्या सहा वर्षांच्या पोराचं रात्री काय करायचं? आणि ही दोघं भावंडंच आहेत कशावरून?

मुलाखती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरल्या होत्या. दोन दिवस आधी कोयनेतून विसर्ग वाढवला, आयर्विनवर पाणी तासातासाला चढायला लागलं, आणि आमचे अध्यक्ष पुराच्या बंदोबस्तात गेले. सांगलीत जुलै-ऑगस्टात कशाचीही तारीख ठरवणं म्हणजे नदीला विचारल्याशिवाय लग्न काढण्यासारखं आहे. तारीख पुढं गेली. पाणी ४० ची इशारा पातळी शिवून उतरलं. ऑगस्टच्या मध्यावर सगळे परत जमलो, तेव्हाही अध्यक्षांच्या खिशातला फोन दर अर्ध्या तासानं थरथरत होता आणि ते उमेदवाराचं उत्तर ऐकता ऐकता कागदाच्या कडेला फूट-इंच लिहीत होते.

*

सकाळी लेखी झाली. १४ उत्तरपत्रिका माझ्यापुढं आल्या. मी पहिली उघडली.

"सदर बालकांना तात्काळ ताब्यात घेण्यात येईल. त्यांचे समुपदेशन करण्यात येईल. वैद्यकीय तपासणी करण्यात येईल. त्यांना बाल कल्याण समितीसमोर हजर करण्यात येईल. पुनर्वसनाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

दुसरी उघडली. करण्यात येईल. तिसरी. कलमांच्या क्रमांकांची माळ, आणि प्रत्येक मण्याच्या शेवटी करण्यात येईल. मी लाल पेननं मार्जिनमध्ये लिहायला लागले, "कोण करणार?" चौथ्या पेपरपर्यंत माझा हात दुखायला लागला. समुपदेशन कोण करणार? रात्री दहाला? मराठीत? ती कन्नड बोलतेय. कुठं बसून, फलाटावर? तिच्याशेजारी भाऊ असताना तिला मंगळसूत्राबद्दल विचारणार?

अव्वल कारकून शेजारी आकडे मांडत होते. मी वैतागून म्हटलं, "अहो, ही भाषाच अशी आहे की यात कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं."

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, 'मी' लिहिलं की उद्या मीच सापडतो."

तेहतीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं वाक्य होतं ते, आणि मला त्याला उत्तर सुचलं नाही. शिवाय माझ्याच प्रश्नाकडं परत नजर गेली. मी काय लिहिलं होतं? "काय होईल ते लिहा." 'तुम्ही काय कराल' असं मी विचारलंच नव्हतं. २६ वर्षं पेपर काढून ही अक्कल. त्यामुळं पुढं मी थोडी सैल झाले. कर्मणी प्रयोगाचे गुण कापले नाहीत, पण ज्याच्या वाक्यात माणूस दिसेल त्याला गुण द्यायचे ठरवलं.

तिघांत माणूस दिसला. एका उत्तरात भाषा उत्तम, कायदा चोख, आणि समितीच्या सदस्याला फोनवर काय सांगायचं ते शब्दशः लिहिलेलं. दुसऱ्यात रुग्णालयाची माहिती बारकाईची: रात्री महिला डॉक्टर कुठं असेल, मुलीची संमती का विचारायची, तपासणी त्याच रात्री हवीच का.

तिसरा पेपर क्रमांक नऊ. अक्षर गिचमिड, शुद्धलेखनाची बोंब. मी तो जसाच्या तसा इथं देऊ शकत नाही, पण जेवढं आठवतं तेवढं असं:

"मी निघतो. निघताना पोलिसांना सांगतो की मुलांना बाकावरच बसू द्या, आत नेऊ नका, आणि बाई शिपाई नसेल तर बोलावून घ्या. दोघांनी खाल्लंय का विचारा. मुलगीला प्रश्न विचारू नका, मी येईपर्यंत नावसुद्धा पुरे. माझ्याकडं गाडी नसली तर मी मोटारसायकलवर येईन पण मुलांना तिच्यावरून नेणार नाही. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला कळवतो, त्यांची गाडी किंवा पोलिसांची. सदस्य मॅडमना फोन करून विचारतो की आज एक रात्र भावाला बहिणीजवळ ठेवायची परवानगी द्याल का, तो सहा वर्षांचा आहे, वेगळा केला तर दोघं रात्रभर रडतील आणि सकाळी मुलगी काहीच सांगणार नाही. जानेवारी आहे म्हणजे गाळप चालू आहे. टोळीतली मुलं असतील. अशा मुलीला आईबापाचा नंबर पाठ नसतो, मुकादमाचा असतो. पण मुकादमाला फोन करायचा नाही. लग्न त्यानंच जुळवलेलं असू शकतं."

मी पेन खाली ठेवलं. मुकादमाचा नंबर! मी स्वतः तो प्रश्न काढला होता, 'जानेवारी' हा शब्द ऊस डोक्यात ठेवूनच घातला होता, पण हे मला सुचलं नव्हतं. त्याला कलमं फारशी आली नव्हती. पॉक्सोचा उल्लेख अर्धवट होता, समितीला लेखी कळवण्याची मुदत लिहायची राहिली होती. तीसपैकी चोवीस दिले. वकीलबाईंनी नंतर वाचून म्हटलं, हात आखडता घेतलात.

*

दुपारी मुलाखती. माझे दोन माजी विद्यार्थी त्यात होते, मी आधीच तसं लिहून दिलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमचे विद्यार्थी वगळायचे म्हटले तर या जिल्ह्यात मुलाखत तुमचीच घ्यावी लागेल." त्या दोघांच्या वेळी मी बाहेर व्हरांड्यात बसले, कुणीतरी आणलेलं भडंग खात. आतून हसण्याचा आवाज आला की जीव टांगणीला लागायचा. शिक्षकाचं काळीज, दुसरं काय.

आता माझी चूक सांगते. पाचवा उमेदवार आला तो निळ्या शर्टातला. ताठ बसला. "बालस्नेही जिल्हा" म्हणजे काय ते त्यानं तीन मुद्द्यांत सांगितलं. कन्व्हर्जन्स, स्टेकहोल्डर, डॅशबोर्ड हे शब्द त्याच्या तोंडी असे बसले होते की जणू आजीनं शिकवलेत. आणि सोबत एक जाड फाइल, प्लास्टिकच्या पाकिटांत त्याच्या कामाचे फोटो आणि कात्रणं. मी ती चाळली. कार्यशाळा, रॅली, शिबिर, सुटका केलेली मुलं. मनात म्हटलं, काम दिसतंय. वीसपैकी सतरा लिहून मोकळी झाले.

फाइल वकीलबाईंकडं गेली. त्यांनी एका पाकिटावर बोट ठेवलं आणि काही न बोलता ती माझ्याकडं सरकवली. वर्तमानपत्राचं कात्रण होतं. हा मध्यभागी, शेजारी पोलीस, आणि पुढं एक मुलगी, तेरा-चौदाची, चेहरा स्वच्छ दिसतोय, खाली मथळ्यात गावाचं नाव. अशा मुलाचं नाव, चेहरा, शाळा, गाव, काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे कलम वर्गात शिकवलंय. दरवर्षी. आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावरून माझी नजर घसरून गेली होती, कारण मी त्या माणसाचं काम बघत होते.

वकीलबाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "ही मुलगी आता कुठं असते?" तो म्हणाला, "तेव्हा समितीकडं दिली मॅडम. पुढचं माहीत नाही."

मी सतरावर रेघ मारून नऊ केले. अध्यक्ष म्हणाले, खाडाखोडीवर लघुस्वाक्षरी करा आणि कारण लिहा. कारण लिहिताना माझं पेन आपोआप वळलं: "उमेदवाराच्या गुणांत सुधारणा करण्यात..." तिथंच थांबले. खोडलं. "मी गुण कमी केले, कारण..." असं लिहून सही केली. दोन खाडाखोडी, दोन सह्या.

क्रमांक नऊचा उमेदवार कोण ते मला अजून माहीत नव्हतं. पाकीट फोडायचं बाकी होतं. पण तो आत आल्यावर ओळखायला वेळ लागला नाही. अडखळत बोलायचा. अध्यक्षांनी कन्व्हर्जन्सबद्दल विचारलं तर म्हणाला, "म्हणजे सगळ्यांची मीटिंग का साहेब?" आम्ही हसलो, तोही हसला. मग अध्यक्षांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला. जत पूर्वभागात उद्या सकाळी अल्पवयीन मुलीचं लग्न आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. तो फोन उचलत नाही. काय करणार?

हा प्रश्न आधी सहा जणांना विचारून झाला होता. सहाही जण वर गेले होते: गटविकास अधिकारी, पोलीस निरीक्षक, तहसीलदार. हा खाली गेला. "ग्रामसेवक उचलत नसला तरी अंगणवाडीताई उचलते. लग्न कुठल्या वस्तीवर, किती वाजता, मंडपवाला कोण, सगळं तिला माहीत असतं. मग मी पोलिसांना घेऊन जातो. फक्त तिचं नाव कागदावर कुठं येऊ द्यायचं नाही साहेब. आपण परत सांगलीला येतो, तिला तिथंच राहायचं असतं."

"उमदीकडं कन्नड लागतं. येतं का?" मी विचारलं.

"येतं की. आईचं माहेर तिकडचंच."

मी त्याला अकरा दिले. हो, अकराच. अहवाल कोण लिहिणार, आयुक्तालयात पुण्याला कोण बोलणार, ऑनलाइन माहिती कोण भरणार, हेही या खुर्चीचंच काम आहे आणि ते मला त्याच्यात दिसलं नाही. आजही मला तो आकडा पूर्ण चुकीचा वाटत नाही. पूर्ण बरोबरही वाटत नाही.

*

बेरीज झाली. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात काम केलेली एक बाई पहिली आली, आणि ती खरंच पहिली यायच्या लायकीची होती. दुसरा हा. मध्ये अर्ध्या गुणाचं अंतर. निळा शर्ट सातवा. अव्वल कारकुनांनी तक्ता तयार केला, आम्ही प्रत्येक पानावर सह्या केल्या, आणि मी सिटी बसनं मिरजेला घरी आले.

आठ-दहा दिवसांनी कळलं की पहिल्या बाई रुजू होत नाहीत. त्यांना दुसरीकडं कायम जागा मिळाली होती. त्यांना दोष कसा द्यायचा? दोन मुलं, घराचा हप्ता, आणि समोर ११ महिन्यांचा करार. जिल्ह्यातल्या सगळ्या निराधार लेकरांची जबाबदारी जिच्यावर टाकायची, तिला पुढच्या जूनमध्ये आपल्या मुलाची फी भरता येईल का ते माहीत नसतं. मी हे अध्यक्षांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, योजना अशीच आहे. ते खरंच होतं. प्रतीक्षा यादीवरच्याला पत्र गेलं.

पत्राची प्रत मला कुणीतरी दाखवली. "...यांची जिल्हा बाल संरक्षण अधिकारी या पदावर निव्वळ कंत्राटी तत्त्वावर नियुक्ती करण्यात येत आहे." मी हसले. आता नियुक्तिपत्रात कोण 'मी' लिहिणार?

त्याचा मला पहिला फोन आला तो दिवाळीनंतर. कारखान्यांची धुराडी पेटली होती, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या होत्या. रात्रीचे पावणेनऊ. मला वाटलं आभार-बिभार मानायला केला असेल, म्हणून मी जरा सावरून बसले.

"मॅडम, एक काम होतं. समुपदेशकाची जागा रिकामी आहे. कन्नड येणारी बाई पाहिजे, उमदी, संख त्या बाजूला जायची तयारी असलेली. तुमच्या विद्यार्थिनींत कोणी आहे का?"

"मानधन किती?"

"अठरा हजार पाचशे छत्तीस. अकरा महिने." मग जरा थांबून, "आजच एक मुलगी आलीय, माझ्याशी बोलत नाही. बाई माणूस पाहिजे."

मी वह्यांच्या कपाटाकडं गेले. जुन्या बॅचच्या हजेरीपुस्तकांत पत्ते असतात. जत तालुका, आडनावं बघत एकेक पान उलटायला लागले. फोन त्यानं कापला नव्हता. पलीकडून मोटारसायकल बंद केल्याचा आवाज आला.